भोंग्याचं तोंड कुणीकडे

माइक पहिल्यांदा हातात आला की माणूस त्यात फुंकर मारतो. पुढारी असो, कीर्तनकार असो की नवरदेवाचा मामा, आधी फुंकर, मग बोटाने टकटक, मग "हॅलो, हॅलो" आणि शेवटी माझ्याकडे संशयाने बघून, "चालू शे ना?" चालूच असतो. चालू नसता तर ती फुंकर नदीपलीकडच्या गावातली कुत्री उठवून आली नसती. शहाद्याला मी लाउडस्पीकरचा धंदा केला. त्या सगळ्या काळात फुंकर न मारता माइकसमोर बोललेलं माणूस मी एकच पाहिलं. दिवाळी अंकासाठी धंद्यातलं काहीतरी लिहा, असा आग्रह झाला तेव्हा आधी तेच आठवलं. पण त्याआधी धंदा काय होता ते सांगायला हवं, कारण आता घराघरात आवाज झाला आहे आणि त्या वेळची शांतता कुणाला सांगून पटत नाही.

आमचं घराणं पिंजाऱ्यांचं. वडील गावोगाव फिरून गाद्या-रजया भरायचे, खांद्यावर कापूस पिंजायची धनुकली घेऊन. मला कापसाची धूळ सोसेना, सतत खोकला. म्हणून सुरतेला एका दुकानात काम शिकलो आणि येताना जुनं सामान घेऊन आलो. यंत्राची लाकडी पेटी, मोटारीची बॅटरी, माइक, गाण्यांचे तवे, म्हणजे रेकॉर्डी, वाजवायचं चावीचं मशीन आणि एक ॲल्युमिनियमचा भोंगा. खेड्यात वीज नव्हती, सगळं बॅटरीवर. यंत्रात काचेचे वाल्व्ह असायचे. ते तापायला वेळ लागे आणि तोवर आवाज येत नसे. त्या तेवढ्या वेळात लोक मला काय काय बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. सामान बैलगाडीतून जायचं आणि मी बॅटरी मांडीवर धरून बसायचो, कारण धक्क्याने ॲसिड सांडलं की आधी धोतर जाई आणि मग कातडी.

गावात पोहोचलं की पहिला प्रश्न, भोंगा कुठे बांधायचा. झाड उंच हवं आणि मजबूत हवं. दुसरा प्रश्न, तोंड कुणीकडे. बाहेरच्या माणसाला हे क्षुल्लक वाटेल, पण माझे निम्मे तंटे याच प्रश्नावर झाले. भोंग्याचं तोंड जिकडे, तिकडे तो शेतं आणि नदी ओलांडून जातो. पाठीमागच्यांना नुसती कुजबुज. एका गृहस्थांच्या मुलीची सोयरीक शेजारच्या गावाने मोडली होती. पुढे तिचं चांगल्या घरी लग्न ठरलं तेव्हा त्यांनी भोंग्याचं तोंड मांडवाकडे न करता त्या गावाकडे करायला लावलं. दिवसभर तवे वाजवले. संध्याकाळी मला बाजूला घेऊन विचारलं, "तठून कोणी उनं का, बंद करा म्हनाले?" कुणीच आलं नव्हतं. गृहस्थ फार हिरमुसले.

नवापूरकडच्या एका लग्नात वऱ्हाड सुरतेकडून आलं ते स्वतःचा भोंगा घेऊन. मी नवरीकडचा, तो नवऱ्याकडचा. दोघेही इरेला पेटलो. भटजींची मंगलाष्टकं त्यांच्या स्वतःच्या कानापर्यंत पोहोचेनात. शेवटी आचाऱ्याने आम्हा दोघांना हाताला धरून पंगतीत बसवलं आणि आम्ही जेवत होतो तेवढ्यात लग्न लावून घेतलं. आणि धडगावच्या वर सातपुड्यात गेलो होतो, तिथे तर माझं यंत्र कुणी मोजलंच नाही. तिथल्या लोकांचा ढोल एवढा मोठा, की तो सुरू झाल्यावर माझा भोंगा वाजतो आहे की नाही हे मलाच वर चढून बघावं लागलं.

धंद्याचा नियम मात्र मी एकच ठेवला होता. ज्याची सुपारी, त्याचं बटन. एकदा हातावर सुपारी ठेवली, की तो कार्यक्रम संपेपर्यंत चालू-बंद त्याच्याच शब्दाने. मधे दुसरा कुणीही आला, तो कितीही मोठा असला, तरी नाही. हा नियम मी काही तत्त्व म्हणून केला नव्हता. लग्नात दोन्हीकडचे मामा एकाच वेळी दोन हुकूम सोडतात, त्यावर उपाय म्हणून केला होता.

आता ज्या गावाची हकिकत सांगायची, ते तापीकाठचं. नाव लिहीत नाही, कारण तिथली मुलं माझ्या नातवाबरोबर शिकतात. वस्ती गुजर शेतकऱ्यांची. मेहनती, नेटकी माणसं, कापूस आणि भुईमूग उत्तम काढणारी. गावाच्या कडेला भिल्लांची भिलाटी. गुजरांच्या शेतात राबणारे हात तिथले. वरच्या आळीत घरी गुजरी बोलत, भिलाटीत भिली, आणि दोघं एकमेकांशी बोलायचे ते अहिराणीत.

या गावात सरवा वेचायची जुनी रीत होती. भुईमूग काढून शेंगा गाडीत भरल्या, की मातीत राहिलेल्या शेंगा मजूर बायकांनी वेचून घ्यायच्या. त्याला कुणी दान म्हणत नसे की मजुरीही म्हणत नसे. शेतमालकाच्या घरातल्या बाईने "वेची ले" म्हटलं की झालं. पण त्या वर्षी शेंगेला भाव चांगला होता. गावच्या कर्त्या पुरुषांनी बसून ठरवलं की सरवा बंद, आणि शेतांवर रखवालदार नेमला. हे बायकांना कुणी सांगितलं नाही. बायकांना सांगायचं असतं हे कुणाच्या लक्षातच आलं नसावं.

हिवाळ्यात शाळेच्या नव्या खोलीचं उद्घाटन होतं. सुपारी पंचायतीची, म्हणजे मगन पाटलांची. पाटील गावचे पुढारी, स्वभावाने कडक, पण देण्याघेण्यात चोख. शाळेपुढच्या कडुलिंबावर मी भोंगा बांधला. पाटील म्हणाले, तोंड नदीकडे कर, पलीकडच्यांना कळू दे आपल्याकडे शाळा झाली. पाहुणे आले, बोलले, चहा पिऊन गेले. मग आभार मानायला पाटील उभे राहिले. फुंकर मारली. सगळ्यांचे आभार मानले आणि त्याच आवाजात, त्याच शाळेतल्या मराठीत पुढे म्हणाले, "आणि एक सूचना. भिलाटीतल्या गोमाची बायको झिणी हिला माझ्या शेतात शेंगा चोरताना रखवालदाराने पकडलेलं आहे. तरी तिला कोणीही कामाला बोलवू नये. आसपासच्या गावांनीही याची नोंद घ्यावी."

झिणी तिथेच होती. खोली बघायला भिलाटीच्या बायका आल्या होत्या, त्यांच्यात मागे उभी होती. चाळिशीची, काटक, हातात चांदीचं जुनं कडं. तिने पाटलांकडे पाहिलंच नाही. ती वर लिंबावरच्या भोंग्याकडे बघत होती. शेजारच्या बायका हळूहळू तिच्यापासून बाजूला सरकल्या, ते मी यंत्रापाशी बसून पाहिलं. मग मी सामान आवरलं आणि शहाद्याला आलो.

पुढचं मला नंतर कळलं. सकाळी मजुरांना न्यायला गाड्या यायच्या, तेव्हा नावं घेऊन बायकांना बोलावत. झिणीचं नाव कुणी घेईना. ती नदी उतरून पलीकडच्या गावात गेली, तिथेही तेच. "ती शेंगावाली का?" एवढंच विचारायचे आणि गाडी हाकायचे. गावात भांडण झालं असतं तर ते गावात राहिलं असतं. हे भोंग्यातून गेलं होतं, त्यामुळे जिथे तिचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं तिथेही तिचं नाव आधी पोहोचलं होतं.

थंडी ओसरली तेव्हा तिचा नवरा गोमा माझ्या दुकानात आला. गोमाला मी ओळखत होतो. दिवसा शेतमजूर, आणि होळीच्या दिवसांत रोडाली पार्टीतला सोंगाड्या. रोडाली म्हणजे भिल्लांचं गाणं-नाटक. ढोल असतो, साडी नेसलेले पुरुष असतात, आणि मधे सोंगाड्या सगळ्यांची टोपी उडवत फिरतो. गोमा उभा राहिला की माणसं आधीच हसायला लागत. त्या दिवशी मात्र तो हसवायला आला नव्हता.

"उस्मानभाई, होळीना दुसरा दिन भोंगा पाहिजे. शाळाना पुढे. त्याच लिंबवर, तिकडेच तोंड करीसन."

मी म्हटलं, "रोडालीले भोंगा कसाले? तुमना आवाज काय कमी शे?"

"आमना आवाज गावपुरता शे. तुन्हा भोंगा नदीपार सांगी उना. जठे जठे तो सांगी उना, तठे तठे आमनं बी जावाले पाहिजे."

"पाटील जागा देतीन का?"

"होळीले ती जागा बठासनी ऱ्हास," गोमा म्हणाला. सणाला ती जागा सगळ्या गावाची, हे खरंच होतं. त्याने काउंटरवर सुपारी ठेवली.

मी ती लगेच उचलली नाही. होळीनंतर लग्नसराई, आणि माझी लग्नं म्हणजे तापीकाठच्या गुजर गावांतली लग्नं. त्यावर वर्षभराचं घर चाले. गोमाला हे ठाऊक होतं. तो नुसता उभा राहिला. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर मी काहीतरी सबब सांगितली असती. पण भोंग्याकडे बघत उभी राहिलेली बाई माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हती. मी सुपारी उचलली.

शहाद्याच्या बाजारात बातमी त्याच आठवड्यात फिरली. एकाने जाता जाता सांगितलं, लग्नसराईचा विचार करून ठेव. घरी वडिलांना सांगितलं. ते अंगणात बसून कुणाची तरी रजई टाचत होते. मान वर न करता म्हणाले, "सुपारी लिधी शे ना? मंग जाय." आणि सुईत दोरा ओवायला माझ्याकडे दिला.

रोडाली एरवी रात्रीची. गोमाने ती दुपार कलताना ठेवली. सगळ्यांना सगळ्यांची तोंडं दिसली पाहिजेत, असं त्याचं म्हणणं. अख्खं गाव जमलं. भिलाटी पुढे जमिनीवर, शेतकरी खुर्च्यांवर आणि पारावर, आणि त्यांच्या घरच्या बायका समोरच्या ओट्यावर, पदर पार हनुवटीपर्यंत ओढून. मगन पाटील पहिल्या खुर्चीत. होळीचं गाणं म्हणून आले असतील, की काय होतं ते बघायला, ते मला सांगता येणार नाही.

या पार्टीची एक रीत होती. सोंगाड्या लोकांना प्रश्न विचारतो आणि उत्तर आल्याशिवाय खेळ पुढे नेत नाही. एरवी प्रश्न सासू-सुनेचे, दारूचे, बैलाच्या शेपटीचे. लोक ओरडून उत्तरं देतात, हशा होतो, ढोल वाजतो. त्या दिवशीही सुरुवात तशीच झाली. मग एका पोऱ्याने साडी नेसून शेंगा वेचायचं सोंग केलं, गोमा रखवालदार झाला. काठी इतकी मोठी घेतली होती की त्याला स्वतःलाच ती उचलवेना. पारावरचे म्हातारे शेतकरीसुद्धा हसले. आणि हसत असतानाच गोमाने माइकसमोर येऊन विचारलं, "शेंगा खंद्यात कोणी?"

"आम्ही!" भिलाटीच्या बायका ओरडल्या.

"गाडीमा भऱ्यात कोणी?"

"आम्ही!"

"मंग मातीमा ऱ्हायन्यात, त्या कोणन्या?"

"उंदीरन्या!" पारावरून एक म्हातारा म्हणाला. पुन्हा हशा झाला. गोमाही हसला. मग त्याने हाताने ढोल थांबवला.

"आते एकच सांगा. हाई बाईले 'वेची ले' असं कोणी सांगं व्हतं?"

गोमाने पुन्हा विचारलं. भोंग्यातून तो प्रश्न नदीकडे गेला. उत्तर नाही, म्हणून खेळ पुढे नाही. गोमा तसाच उभा. साडी नेसलेला पोऱ्या तसाच वाकलेला. पहिल्या रांगेत झिणी बसली होती, मान खाली घालून मातीत बोट फिरवत.

मगन पाटील उठले आणि माझ्याकडे आले. "उस्मान, बंद कर."

मला भीती वाटली. हे लपवण्यात अर्थ नाही. पण तोंडातून सवयीने धंद्याचंच उत्तर बाहेर आलं. "पाटील, सुपारी त्यासनी शे. तुमनी व्हती तवय तुमनं बोलनं बी मी बंद नही करं."

पाटलांनी बॅटरीच्या वायरीवर हात ठेवला. ओढली असती तर मी काय केलं असतं, कोण जाणे. वायर काढली तर वाल्व्ह गार होतील आणि पुन्हा तापायला वेळ लागेल, असलं काहीतरी मी त्यांना समजावू लागलो. तेवढ्यात ओट्याकडून आवाज आला.

"मी सांगं व्हतं."

पदराआडून आलेला आवाज, त्यामुळे कुणाचा ते आधी कळलं नाही. मग एक बाई ओट्यावरून उतरली आणि पुरुषांच्या खुर्च्यांमधून चालत पुढे आली. त्या घरांतल्या बायका पुरुषांच्या बैठकीतून चालत जात नसत, फेरा घालून मागून जात. खुर्च्या आपोआप बाजूला झाल्या. ती रेवाबाई होती, मगन पाटलांची बायको. गोमाने माइकचा दांडा तिच्याकडे कलता केला. तिने फुंकर मारली नाही, टकटक केली नाही. पदर तोंडावरून तसूभरही न हलवता ती बोलली, "शेंगा काढाई गयात तवय मीच झिणीले सांगं, सरवा वेची ले म्हनीन. मन्ही सासू बी देत व्हती, सासूनी सासू बी देत व्हती. झिणी चोर नही शे." मग माझ्याकडे वळून विचारलं, "नदीपार ऐकाले जास ना?"

मी म्हटलं, "जास, माय."

पाटलांचा हात वायरीवरून निघाला. ते बायकोच्या पुढून चालत घरी गेले, आणि ती त्यांच्या मागून गेली. गोमाने ढोलवाल्याला खूण केली. उत्तर मिळालं होतं, खेळ पुढे सुरू झाला. झिणी रडत होती. तिच्याजवळ बसलेल्या बायका त्याच, ज्या हिवाळ्यात बाजूला सरकल्या होत्या. आता तिला इतक्या खेटून बसल्या होत्या की तिला डोळे पुसायला हात वर काढता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या आल्या. दादर कापणीचे दिवस होते, उभी ज्वारी वाळून चालली होती. बायकांची नावं घेतली गेली. एकही चढली नाही. "झिणी चढी तवय आम्ही चढसूत," एवढंच म्हणाल्या. गाडीवान थोडा वेळ बैलांचे कासरे ओढत बसला आणि मग त्याने झिणीचं नाव घेतलं. नदीपलीकडेही तसंच झालं म्हणतात. पुढच्या हंगामात रेवाबाई स्वतः शेताच्या बांधावर येऊन उभी राहिली आणि हाक मारून झिणीला सरव्याला बोलावलं. मग आणखी काही घरांतल्या बायका आल्या. काही नाही आल्या. काही शेतांत सरवा कायमचाच बंद झाला. मगन पाटलांनी आपला शब्द कधी मागे घेतला नाही.

मला त्या लग्नसराईत त्या गावाची सुपारी आली नाही, शेजारच्या गावांचीही नाही. मी पेट्रोमॅक्स दुरुस्त केले. घरात तंगी होती आणि बायकोने ते मला दिवसातून दोनदा तरी ऐकवलं. मात्र पावसाळ्यानंतर भिलाट्यांमधून सुपाऱ्या येऊ लागल्या. कुठे भजन, कुठे रोडाली, कुठे नुसतंच "आमले बोलनं शे." एका गावचे भिल्ल दुसऱ्या गावच्या भजनाला जाऊ लागले, आणि भजन संपल्यावरही उठेनात. पुढे या भागात मोठ्या सभा झाल्या, मोर्चे निघाले, शिकलेली माणसं आली. त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मी बॅटरी सांभाळत होतो.

एक गोष्ट मात्र मला पुष्कळ दिवस लागून राहिली. त्या दुपारी झिणीबद्दल सगळे बोलले, एक झिणी सोडून. तिचा आवाज भोंग्यातून गेलाच नव्हता.

काही वर्षांनी मगन पाटलांच्या मुलीचं लग्न निघालं. सुपारी घेऊन गोमा आला. म्हणाला, रेवामायनी धाडी शे. मी गेलो. लिंब तोच, जरा थोराड झालेला. हळदीच्या वेळी बायकांची गाणी सुरू होती, आणि पाटील माझ्या यंत्राशेजारी खाटेवर बसले होते. इतक्या वर्षांत आमचं बोलणं झालं नव्हतं. मी रिवाजाप्रमाणे विचारलं, "पाटील, तोंड कोणीकडे करू?"

"नदीकडे."

रेवाबाईने बायकांतून झिणीला हाताला धरून उठवलं आणि माइकपाशी आणून उभं केलं. झिणीने माइककडे पाहिलं, वर लिंबावरच्या भोंग्याकडे पाहिलं आणि दणदणीत फुंकर मारली. बायका खिदळल्या. मग तिने हळदीचं गाणं धरलं, एकटीने, जाड मोकळ्या आवाजात. दुसऱ्या ओळीला बाकीच्या मागे आल्या.

पाटील मान खाली घालून ऐकत होते. थोड्या वेळाने माझ्याकडे न बघताच म्हणाले, "उस्मान, वाढाव जरासा."

पाटलांना तेव्हा ऐकायला कमी येऊ लागलं होतं, असं गावात म्हणत. म्हणूनही म्हणाले असतील. मी बटन फिरवलं.